ते केस तिचे नाहीत

उल्हासनगर ४
सोमवार, ८ ऑक्टोबर २००७

प्रिय मनू,

सप्रेम जयभीम.

तुमचे फोन काढून घेतलेत म्हणून नाइलाजाने पेन हातात घेतलंय. दहावीच्या परीक्षेनंतर मी 'उद्या पार्लर बंद' याखेरीज काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस. चॅनेलच्या ऑफिसात फोन केला होता. तिथली मुलगी म्हणाली, कार्यक्रम संपेपर्यंत बदलापूरच्या त्या बिल्डिंगमध्ये कुणाला भेटता येणार नाही, पण नातेवाइकांची पत्रं चालतात आणि ती न फोडता पोचवतात. तरी मी चिकटपट्टी लावली आहे आणि पाकिटावर 'खाजगी' असं दोनदा लिहिलंय.

मी रागावलेले नाही, हे आधी सांगायचं होतं. चौघांचे केस मी करायचे, मी रोज येऊन जायचं, असं आपलं ठरलं होतं. चॅनेलने केसांसाठी स्वतःचा माणूस आणला, त्याला तू तरी काय करणार. पहिल्याच भागात तू म्हणालीस की हे सगळं मी टीव्ही बघून घरच्या घरी शिकले. तेही मी समजू शकते, कॅमेऱ्यापुढे माणूस गडबडतं. बाबांनी मात्र टीव्ही बंद केला आणि ताटावर बसले.

इथे तुमची भलतीच हवा आहे. लाजवंती आंटी पार्लरमधला टीव्ही आता बंदच करत नाही. आठवड्यात चार जणी 'मनाली कट' मागायला आल्या. मी कापून दिला, आणि ती माझी बहीण आहे हे कुणालाही सांगितलं नाही. प्रमोदरावांचे जेलने उभे केलेले केस बघून आंटीला साळिंदर आठवतं. दीपूचा मश्रूम कट काहींना आवडतो, काही म्हणतात मुलगा आहे की मुलगी ते कळत नाही. बायकांना काय, तुम्ही चौघं सकाळी उठता तेव्हापासून त्यांच्या तोंडाला काम असतं. कुणी म्हणते, एवढ्याशा पोरांना तासतासभर आरशापुढे बसवतात. कुणी म्हणते, आईने स्वतःचे केस मानेवर आणले आणि पोरीचे बघा कसे वाढवलेत.

मितूच्या वेण्यांवर तर सगळ्यांचा जीव आहे. सहा वर्षांच्या मुलीचे कमरेपर्यंत केस, तेल कुठलं लावते ही, असं विचारतात. मी खाली मान घालून आयब्रो करत असते. केसांच्या टोपाची कड कानामागे दिसत नाही, मी अगदी टीव्हीजवळ जाऊन बघितलं. तीन आठवडे जाळीत एकेक बट ओवत होते ते वाया गेलं नाही. फक्त झोपताना तो काढत जा, डोक्याला हवा लागू दे. उन्हाळ्यात चाईचा एकच चट्टा होता, रुपयाएवढा, आता पाच आहेत, पण डॉक्टर म्हणालेत ना केस परत येतील. चाई कुणाची कुणाला लागत नाही, मुलीला फक्त धाक नको, असंच म्हणाले होते.

लोकांचे एसएमएस पडोत आणि जिंका बाई एकदाचे. बक्षिसाचं दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं की मांजर्लीच्या तुमच्या खोलीत पुन्हा पाणी शिरो नाहीतर न शिरो. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात मितूला पाटीत बसवून डोक्यावरून काढली होती, ते मी विसरलेले नाही.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी,
ताई

सोमवार, २९ ऑक्टोबर २००७

प्रिय मनू,

सप्रेम जयभीम.

पहिलं पत्र मिळालं का? मी रोजचा भाग बघते. तुमच्या टेबलावर, फ्रिजवर, खिडकीत, कुठेच मला माझं निळं पाकीट दिसलं नाही. ठेवलं असशील कपाटात.

कुणीतरी मितूबद्दल काहीबाही पसरवलंय. तुझ्यापर्यंत आलं नसेल तर उत्तमच, पण इथल्या केबलवर खालून पट्टी जाते, तिच्यात लोकांचे एसएमएस येतात, तिथे मी वाचलं. मी ते इथे लिहीत नाही. लोकांना उद्योग नाहीत. कोण कुठून काय ऐकतं आणि त्याचं काय करतं याला धरबंध नसतो. तू लक्ष देऊ नकोस.

एक विचारायचं होतं. शुक्रवारच्या भागात बाकीची मुलं घसरगुंडीवर होती आणि मितू एकटी पायरीवर बसली होती. ती दमली होती का? टोप टोचत असेल तर उजव्या बाजूची क्लिप थोडी मागे घे.

बाबांची तब्येत बरी आहे. उत्तराची वाट बघते.

ताई

सोमवार, १९ नोव्हेंबर २००७

मनू,

शाळेतून चिठ्ठी आल्याचं तुझ्या सासूबाईंनी बाबांना सांगितलं. डॉक्टरचा दाखला आणेपर्यंत मुलीला पाठवू नका म्हणे. बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कुटुंबाने त्यांच्या मुलांचे कंगवे वेगळ्या डब्यात ठेवल्याचं तर मी स्वतः टीव्हीवर पाहिलं. त्या बाईने डब्याला झाकण लावलं तेव्हा कॅमेरा मितूवर गेला. मितू त्या डब्याकडे बघत होती.

आता मी जे लिहिते ते शेवटपर्यंत वाच. मध्येच फेकू नकोस. तीन आठवड्यांपूर्वी मी लिहिलं की कुणीतरी पसरवलंय. तेव्हाही मला माहीत होतं कुणी ते.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता. दुपारी आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागला होता. मी रेश्मा भाभीच्या डोक्याला मेंदी लावत होते, ती केबलवाल्याची बायको. टीव्हीत तू मितूची वेणी पुढे घेऊन शेवटाला रिबीन बांधत होतीस. बांधता बांधता म्हणालीस, "मितूच्या केसांना मी परक्या माणसाचा हात लागू देत नाही."

परक्या माणसाचा. मनू, ती जाळी शिवताना माझ्या बोटांना इतक्या सुया टोचल्या की मला पंधरा दिवस थ्रेडिंगचा दोरा धरता येत नव्हता. तुला वेणी घालायला मी शिकवलं. पहिली कात्री मी दिली. मला माहीत आहे तू मुद्दाम बोलली नसशील, तो शब्द त्या चॅनेलवाल्या माणसासाठी असेल, तो सारखा मितूच्या डोक्याशी जायचा म्हणून. हे मला आज कळतंय. त्या दुपारी नाही कळलं.

रेश्मा भाभी म्हणाली, "ऐसे बाल भगवान सबकी बेटी को दे."

मी म्हणाले, "वो बाल उसके नहीं हैं."

ती आरशातून माझ्याकडे बघायला लागली. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ती फिर, फिर करत राहिली आणि मी म्हणाले, उसको चाई है. चाई मतलब, असं तिने विचारलं. माझे दोन्ही हात मेंदीने भरलेले, पुढे आणखी दोघी बसलेल्या. मी म्हणाले, "बाल में कीडा लगता है ना, वो."

तुला ठाऊक आहे इथे तसंच म्हणतात. सिंधी गिऱ्हाइकांना चाई म्हटलं तर कळत नाही, कीडा लगा म्हटलं की लगेच कळतं. त्यात किडा वगैरे काही नसतो हे त्यांनाही माहीत असतं, त्यांच्याकडे नुसतं तसं नाव पडलंय. मी हा शब्द दिवसात दहादा वापरते. रेश्मा भाभीने अरे बिचारी म्हटलं आणि विषय संपला.

पण तो शब्द तिथून निघाला आणि आपल्या माणसांत आला. आपल्याकडे आल्यावर त्याचं काय झालं ते तूच बघ. केबलच्या पट्टीवर आलं, 'मितूच्या डोक्यात किडे पडलेत.' मराठीत कुणाला किडे पडतात, आणि कुणाला पडोत म्हणून लोक शिव्या देतात, हे मी तुला सांगायला हवं का? त्यानंतर जो तो भर घालत गेला. आईने पार्लरचं केमिकल लावलं म्हणून पोरीचं डोकं सडलं. टोपाखाली पट्टी बांधलेली असते. तिच्याजवळ बसू नका. परवा एक बाई माझ्याच खुर्चीत बसून मला हे सांगत होती, आणि वर म्हणाली, असल्या आईला चपलेने मारलं पाहिजे. मी तिचे केस कापत होते. मनाली कट.

मी तिला म्हणाले की मुलीला चाई आहे, ती लागत नाही कुणाला. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत. मी सांगितलं, मी तिची मावशी आहे. ती हसली. आजकाल सगळेच त्यांचे नातेवाईक निघतात, असं म्हणाली.

रेश्मा भाभीच्या घरी जाऊन मी पाया पडले. तिच्या नवऱ्याने तो मजकूर काढला, पण आता ते पट्टीवर राहिलेलं नाही, सगळ्यांच्या तोंडी झालंय. मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करते. तू शिव्या दिल्यास तरी चालेल, पण उत्तर दे.

ताई

मंगळवार, २७ नोव्हेंबर २००७

मनू, मनू,

आज पार्लर चालू आहे आणि मी मागच्या खोलीत पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून लिहितेय. आताच जाहिरात पाहिली. 'मितूच्या केसांचं रहस्य, रविवारी संध्याकाळी, अंबरनाथच्या मैदानातून थेट.' त्यात मितूचा चेहरा हळूहळू मोठा होतो आणि तिच्या वेण्यांवर प्रश्नचिन्ह येतं.

तिला त्या स्टेजवर नेऊ नकोस.

तुला त्यांनी काय समजावलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. सगळ्यांसमोर सत्य आलं की लोकांची तोंडं बंद होतील. डॉक्टर बोलावतील, चाई म्हणजे काय ते सांगतील, लोकांना वाईट वाटेल, एसएमएस येतील, घर मिळेल. असेलही तसं. घर कशासाठी हवंय ते मला कळतं. पण मितूला वाटतं की तिच्या डोक्याचं फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. बाहेर कुणालाच माहीत नाही म्हणून ती उभी राहते, बोलते, हसते. हजार माणसांसमोर कुणीतरी तिच्या डोक्याला हात घालणार आणि ती तुझ्याकडे बघणार. तेव्हा तू काय करशील?

ताप आलाय म्हणून सांग. मी बदलापूरला येऊन फाटकाशी उभी राहते, तिला बाबांकडे घेऊन जाते, रविवार उलटला की परत आणते. स्टेजवर मी येते हवं तर. मला उभी करा, माझ्या तोंडाला काळं फासा, या बाईने सांगितलं म्हणा. त्यालाही लोक एसएमएस करतील.

आणखी एक कबूल करायचं राहिलंय. मागच्या पत्रात धीर झाला नाही. रेश्मा भाभीला मी म्हणाले की ते केस तिचे नाहीत. एवढंच म्हणाले. कुणाचे ते म्हणाले नाही. ते केस तिच्या आईचे आहेत, एवढं अर्धं वाक्य पुढे बोलले असते तर त्या पार्लरमधली प्रत्येक बाई तुझ्या बाजूची झाली असती. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला, कारण त्या क्षणी तुझ्या बाजूचं कुणी व्हावं असं मला वाटत नव्हतं. ते चुकून राहून गेलं नाही, मनू. किडा चुकून निघाला. हे नाही.

तू माझ्या खुर्चीत बसून म्हणाली होतीस, मुळापासून काप, पोरीला पुरले पाहिजेत. कापताना तू रडली नाहीस. मितू रडली. तुझी वेणी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही, आणि ती वेणी गेली म्हणून दोन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती. म्हणून तर तिला आपण सांगितलं की टोप उल्हासनगरच्या दुकानातून आणलाय. तिच्यासाठी तू वेणी कापलीस हे तिला कळता कामा नये, ती मनाला लावून घेईल, असं तूच म्हणालीस. रविवारी तिथे कुणी हे बोलणार नाही एवढं तरी बघ.

तीन पत्रांचं उत्तर आलं नाही. हेही तसल्याच निळ्या पाकिटात घालून, वर 'खाजगी' दोनदा लिहून, मी त्या ऑफिसात स्वतः नेऊन देते. त्या मुलीच्या हातात देते आणि सांगते की आजच्या आज पोचलं पाहिजे.

ताई

सोमवार, १७ डिसेंबर २००७

मनाली,

तुला माझं एकही पत्र मिळालं नव्हतं. हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं.

मी मैदानात होते. स्टेजच्या डाव्या बाजूला बांबू बांधले होते, तिथे, अगदी पुढे. दुपारी दोनपासून जागा धरली होती. ओरडायचं असं ठरवून गेले होते. त्यांनी मितूच्या डोक्याला हात लावला की बांबूखालून आत शिरायचं आणि माइक घ्यायचा, असं घोकत होते.

त्यांनी मितूच्या डोक्याला हातच लावला नाही. तो सूत्रसंचालक खुर्ची ओढून तुझ्यापुढे बसला आणि त्याने खिशातून निळं पाकीट काढलं. मागच्या मोठ्या पडद्यावर माझं अक्षर आलं. 'खाजगी', दोनदा. ते दोन शब्द माणसाच्या उंचीएवढे होते. तो म्हणाला, ताईंचं पत्र आहे, आणि तुझ्याकडे बघून वाचायला लागला. मागे पेटी वाजत होती.

त्याने आपल्याला हवं तेवढंच वाचलं. रेश्मा भाभी वाचली नाही. किडा वाचला नाही. मी काय गिळलं तेही वाचलं नाही. 'मुळापासून काप, पोरीला पुरले पाहिजेत,' हे मात्र दोनदा वाचलं. ज्या पत्रात मी तुला हात जोडून सांगत होते की हे तिला कळू देऊ नकोस, ते पत्र त्याने तिला ऐकवलं. त्याला ते मी लिहून दिलं, मनाली. ती माहिती त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे नुसतं रहस्य होतं, उत्तर मी स्वतः नेऊन त्या मुलीच्या हातात ठेवलं आणि वर सांगितलं, आजच्या आज.

तू ऐकत होतीस. मितू तुझ्याकडे वळली. तिच्या फ्रॉकला छोटा माइक होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"मम्मी, हे तुझे आहेत?"

मग तिने आपल्या हाताने क्लिपा काढल्या. उजवी, मग डावी, जशा मी शिकवल्या होत्या तशाच, एकही न ओढता. टोप काढला आणि तो तुझ्या डोक्यावर बसवायला लागली. तिचे हात पोचत नव्हते. तू वाकली नाहीस, म्हणून ती खुर्चीवर चढली.

"घे. मला नको. मला माहीत नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळं मैदान उभं राहिलं. मितू दचकली आणि तिने दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकलं, आणि तुझा हात तेव्हा कुठे हलला.

मी ओरडले नाही. बांबूला धरून उभी राहिले. शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. मला म्हणाली, बहीण असावी तर अशी, कसं मन मोकळं करून लिहिलंय बघा. मी तिला हो म्हणाले. हेही तुला सांगायला हवं. मी हो म्हणाले.

तुम्ही जिंकलात. पत्रातली ताई मीच हे सगळ्यांना कळलं, पार्लरमध्ये आंटीने पेढे वाटले. आता तुझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. रेश्मा भाभीने मला मिठी मारली. त्या केबलच्या पट्टीवर मितूसाठी प्रार्थना येतात. एका बाईने आपल्या मुलीचे केस कापून आणले, पिशवीत घालून, मितूला द्या म्हणाली. मी ते घेतले नाहीत. तर ती रागावून गेली. एवढ्या प्रेमाने आणले आणि कदर नाही म्हणाली.

काल बाबा नव्या घरी येऊन गेले, तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. घर हवेशीर आहे, पाण्याची काही भीती नाही. दीपू गॅलरीत सायकल चालवतो. मितू टोप घालत नाही, टोपीही नाही. तू जवळ घ्यायला गेलीस तर तुझ्या केसांना हात लावून बघते, किती वाढले. आणि दारात कुणी पाकीट घेऊन आलं, लाइटचं बिल असलं तरी, ती कानांवर हात ठेवते आणि आतल्या खोलीत जाते. पत्र म्हणजे सगळ्यांसमोर वाचतात ते, असं तिला वाटतं. बाबांना तिने विचारलं, मावशी आणखी लिहिणार आहे का.

म्हणून हे शेवटचं. माफी मागायला लिहिलेलं नाही. तुला पत्रं मिळाली नव्हती, आणि जे मिळालं ते त्या माणसाच्या आवाजात आणि निम्मं. मी काय केलं ते तुला पूर्ण कळायला हवं, माझ्या शब्दांत, आणि कुणी बाजूला नसताना. म्हणून पहिल्या चारही पत्रांतलं मला आठवलं तसं पुन्हा लिहून यासोबत जोडलंय, गिळलेल्या वाक्यासकट. लोक मला चांगली बहीण म्हणतात. तू म्हणू नयेस.

पोस्टात टाकत नाही, बाबांच्या हाती देते. पाकिटावर काही लिहिलेलं नाही. वाचून झालं की फाडून टाक.

आत्ता त्यांना दारात बोलावून समजावत होते. म्हटलं, बाबा, मितूसमोर हे बाहेर काढू नका. ती शाळेत गेली की मगच मनूच्या हातात द्या. बाबांनी पाकिटासाठी पिशवीची चेन उघडली.

"ती शाळेत जात नाही, बाळा," ते म्हणाले.

मग केव्हा द्या म्हणून सांगू ते मला सुचत नाहीये. बाबा चपला घालून उभे आहेत.

ताई